नारायण कांबळेचं काम

वीरा साथीदार यांना नट म्हणायचं की नाही, यावर माझं आणि माझ्या सरांचं अजून एकमत झालेलं नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटात नारायण कांबळे या लोकशाहिराचं काम साथीदारांनी केलं. त्याआधी आणि त्यानंतरही ते नागपूरच्या आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते, कवी आणि 'विद्रोही' मासिकाचे संपादक होते. १३ एप्रिल २०२१ रोजी, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी, नागपूरच्या एम्समध्ये कोरोनानं ते गेले.

सर वर्ध्याजवळच्या नालवाडीचे. वर्ध्यात मराठी शिकवलं आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर वर्षानुवर्षं नाटकं नेली. त्यांचं घर विनोबांच्या विचारांचं, सूत कातणारं. मीही नालवाडीचीच, सरांच्या नाटकात पहिल्यांदा तोंडाला रंग लावला. आमचं घर बौद्ध. घरांचा हा तपशील मुद्दाम देते आहे, कारण पुढं वाद तिथंच जातो.

सर : माणूस मोठा होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नट? नट म्हणजे आज राजा दिला तर राजा, उद्या भिकारी दिला तर भिकारी उभा करणारा. साथीदारांनी आयुष्यभर जे केलं तेच पडद्यावर केलं. चळवळीतल्या माणसानं चळवळीतला माणूस केला. यात अभिनय कुठं आला?

मी : सर, तेच केलं असं वाटतं, कारण दोघांची विचारसरणी एक आहे. बाकी काय सारखं आहे? साथीदार नागपूरचे, नारायण मुंबईचा. साथीदार मासिक काढायचे. नारायण खोलीत पोरांची शिकवणी घेतो, बसमध्ये चढतो, कार्यक्रमाच्या मंचावर जाऊन गातो. गाणी संभाजी भगतांची. पटकथा ताम्हाणेंची. नारायण पासष्टीचा म्हातारा, साथीदार त्याच्याहून पुष्कळ लहान. शब्द दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची, वय दुसऱ्याचं. याला तुम्ही तालमीत काय म्हणायचे?

सर : तालमीत मी आधी आवाज मागायचो. आंगिक, वाचिक, सात्त्विक. शेवटच्या रांगेतल्या माणसाला पेटी-तबल्याशिवाय वाक्य ऐकू गेलं पाहिजे. कॅमेरा हे सगळं माफ करतो. चेहऱ्याजवळ नेला की झालं, दगडसुद्धा विचार करतो आहे असं वाटतं.

मी : 'कोर्ट'मध्ये तो जवळ येतच नाही ना! मृणाल देसाईंचा कॅमेरा लांब उभा राहतो आणि जागचा हलत नाही. चौकटीत न्यायाधीश आहेत, लिपिक आहे, वकील आहेत, मागं आपल्या तारखेची वाट पाहणारी माणसं आहेत. त्या गर्दीत नारायण एका बाजूला. सरकारी वकील कायद्याच्या पुस्तकातला पानभर मजकूर एका सुरात वाचत आहेत, आणि त्याला काहीही करायचं नाही. तुम्ही मला पहिल्या नाटकात मागं उभी राहणारी दासी दिली होती. तेव्हा म्हणाला होता, की बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचं काम अवघड.

सर : म्हणालो होतो. अजूनही म्हणतो.

इथं थोडं थांबते. ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांना कथा ठाऊक असलेली बरी. मुंबईतल्या वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगाराचा मृतदेह गटारात सापडतो. पोलिसांचं म्हणणं असं, की नारायण कांबळेनं वस्तीत गायलेल्या गाण्यात गटार साफ करणाऱ्यांना विषारी वायू घेऊन मरायला सांगितलं होतं, म्हणून वासुदेवनं आत्महत्या केली. शाहिराला मंचावरून उचलतात, आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा खटला उभा राहतो आणि तारखा पडत जातात. पुढं जामीन मिळतो, आणि एका छापखान्यातून त्याला पुन्हा नेतात, तेव्हा कायदा आणखी कडक असतो. बचावाच्या वकिलाचं काम चित्रपटाचे निर्माते विवेक गोंबर यांनीच केलं, सरकारी वकिलाचं गीतांजली कुलकर्णींनी, न्यायाधीशांचं प्रदीप जोशींनी. चित्रपट या तिघांच्या घरात शिरतो. वकील दुकानात चीज आणि वाइन घेतो, सरकारी वकीलबाई डबा-स्वयंपाक उरकून कुटुंबासह नाटकाला जातात, न्यायाधीश सुट्टीत सहलीला जातात. ज्याच्यावर खटला आहे, त्याच्या वाट्याला सर्वांत कमी पडदा आला आहे. साथीदारांचं काम मोजताना हे ध्यानात ठेवावं लागतं. तो माणूस दिसत नसतानाही चित्रपटभर राहतो, आणि ते त्यांनी थोड्या दृश्यांत कमावलेलं आहे.

सर : बरं, मी माझा माणूस सांगतो. निळू फुले. पुण्याला लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलं, सेवादलाच्या कलापथकात वाढले, लोकनाट्यातून सिनेमात आले. १९६८ चा 'एक गाव बारा भानगडी'. तेसुद्धा कार्यकर्तेच. आयुष्यभर चळवळींना जोडलेले राहिले, अंधश्रद्धेविरुद्ध बोलत राहिले. आणि पडद्यावर? 'सामना'मधला हिंदुराव धोंडे पाटील. साखरसम्राट, पाताळयंत्री. रंगभूमीवर सखाराम बाइंडर. खेड्यातल्या बायका त्यांना पडद्याबाहेरही शिव्या द्यायच्या म्हणतात. जो माणूस आपण नाही, किंबहुना ज्याच्याशी आपलं उभं वैर आहे, त्याच्या अंगात शिरायचं. अभिनय हा आहे, पोरी. आणि 'सामना' १९७५ ला बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता, हेही सांगून ठेवतो. तुझं व्हेनिस आता येईलच.

मी : येईलच. २०१४ ला व्हेनिसच्या ओरिझोंती विभागात 'कोर्ट' सर्वोत्तम ठरला आणि पदार्पणाच्या चित्रपटाचा सिंहही मिळाला. पुढं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, मग ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका. पण ते राहू द्या. निळूभाऊंबद्दल मी एक शब्द कमी बोलणार नाही. मला एवढंच सांगा, हिंदुरावानंतर सिनेमानं त्यांना काय दिलं? पाटील, सरपंच, सावकार, पुन्हा पाटील. 'सिंहासन'मधला दिगू टिपणीस पत्रकार मिळाला तो दिग्दर्शक जब्बार पटेलांमुळे. एवढा मोठा नट, आणि शंभरातली नव्वद कामं एकाच फेट्याची. कारकीर्द असली म्हणजे नटाला हवं ते करायला मिळतं, असं कुठं आहे?

सर : मिळालं नाही, हे खरं. पण प्रत्येक पाटील त्यांनी वेगळा केला. हे दुसऱ्या खेपेला कळतं, पहिल्या कामात नाही. साथीदारांची दुसरी खेप आम्ही पाहिली कुठं?

मी : तीच माझी तक्रार आहे, आणि ती साथीदारांबद्दल नाही. तुम्हाला एका तैवानच्या नटाची गोष्ट सांगते. ली कांग-शेंग. तैपेईत व्हिडिओ गेमच्या दुकानाबाहेर दिग्दर्शक त्साय मिंग-ल्यांग यांना दिसला. अभिनयाचं शिक्षण शून्य. काम सुरू झाल्यावर दिग्दर्शक वैतागले, कारण पोरगा फार सावकाश हलायचा. मान वळवायलाही वेळ घ्यायचा. जरा लवकर कर म्हटलं, तर म्हणाला, मी असाच आहे. त्सायनी विचार केला आणि पोराची चाल बदलण्याऐवजी आपल्या सिनेमाची चाल त्याच्यासारखी केली. १९९२ च्या 'रिबेल्स ऑफ द निऑन गॉड'पासून त्यांच्या प्रत्येक कथापटात तो आहे. १९९४ ला त्यातल्याच 'व्हिव्ह लामूर'ला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. एकदा चित्रीकरणानंतर लीची मान खरंच दुखायला लागली, महिनोन्महिने बरी होईना, तर त्सायनी त्या दुखण्यावरच 'द रिव्हर' उभा केला.

सर : म्हणजे तोही स्वतःलाच करतो.

मी : वीस वर्षं, सर. आणि वीस वर्षांनी, २०१३ च्या 'स्ट्रे डॉग्ज'मध्ये तो घरांच्या जाहिरातीचा फलक धरून भर रस्त्यात, वाऱ्यापावसात उभा राहतो. स्वतःला घर नाही. पुढं एका दृश्यात पत्ताकोबी खाता खाता रडतो, कॅमेरा कापत नाही. त्या कामाला चिनी सिनेमातलं मोठं मानलं जाणारं गोल्डन हॉर्सचं सर्वोत्तम अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. पहिल्या चित्रपटानंतर त्याला कोणी बोलावलं नसतं, तर तैपेईतले मास्तरही म्हणाले असते, पोरगा मुळात मंद होता, त्यानं मंद माणूस केला, अभिनय कुठं आला?

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. थोडा वेळ थांबून त्यांनी बाजू बदलली, आणि मला आजवर सर्वांत जड गेलेला मुद्दा त्यांनी तेव्हा काढला.

सर : ठीक. साथीदारांना नट म्हणू. आता मला सांग, या नटाला काय करायला दिलं? शाहीर. ज्या बाईनं वासुदेवच्या बायकोचं काम केलं, तिचा नवरा खरोखरच अशा कामात गेलेला होता, असं तूच मला सांगितलं. म्हणजे मधल्या वर्गातले वकील, न्यायाधीश करायला सगळे मोकळे, आणि गरिबानं मात्र आपलं दुःखच पडद्यावर आणायचं. निळूभाऊ माळी होते, म्हणून त्यांना माळीच दिला असता तर? खरेपणाच्या नावाखाली माणसाला त्याच्या जन्मात कोंडणं आहे हे. या गावात आम्ही याच्या विरुद्ध शिकलो. विनोबा १९३२ ला नालवाडीत राहायला आले, सुतावर जगता येतं का ते पाहिलं. गोपाळराव वाळुंजकरांनी इथं चर्मालय चालवलं. मेलेल्या ढोराचं कातडं काढायचं, कमवायचं, चपला करायच्या. ते त्यांच्या जातीचं काम नव्हतं. ज्याचं नाही त्यानं ते करायचं, हीच तर क्रांती होती. माझं नाटकाचं म्हणणं तिथूनच आलं आहे. जन्मानं जे दिलं नाही ते करून दाखव.

मी : सर, चर्मालयाबद्दल मला आदर आहे, शाळेत असल्यापासून. पण ते आमच्या घरातून कसं दिसतं तेही ऐका. वाळुंजकरांनी ढोर सोललं, ते इतिहासात गेलं. माझ्या पणजोबांनी जन्मभर ढोरं ओढली. ते कुठल्याच वहीत नाही. आमच्या लोकांनी काय केलं? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली आणि ते काम टाकून दिलं. तुमच्याकडं ते हातात घेण्यात मोठेपणा होता, आमच्याकडं सोडण्यात. दोन्ही गोष्टी या एकाच गावच्या शिवारात घडल्या.

सर : मग तूच माझी बाजू घेते आहे. टाकून दिलेलं काम पडद्यावर पुन्हा त्याच माणसांना का करायला लावायचं?

मी : कारण ते काम अजून टाकलं गेलेलं नाही. हातानं मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा नवा कायदा २०१३ चा. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेच न्यायालय ही रक्कम तीस लाख करतं. रक्कम वाढवावी लागते, म्हणजे माणसं मरतातच आहेत. 'कोर्ट' या मधल्या वर्षांतला आहे. आणि साक्षीच्या त्या दृश्याचं म्हणाल, तर ती बाई रडत नाही. वकील विचारतात, ती सांगते. नवऱ्याला संरक्षणाचं काही दिलं नव्हतं. झाकण काढल्यावर तो झुरळ बाहेर येतं का पाहायचा. झुरळ आलं, म्हणजे आत हवा आहे. वास सहन व्हावा म्हणून दारू प्यायचा. वायूनं त्याचा एक डोळा गेला होता. हे सगळं ती अगदी सरळ सांगते, रेशनच्या दुकानात पत्ता सांगावा तसं. तुमच्या स्पर्धेतली कुठली मुलगी ते तसं म्हणेल? ती सात्त्विक आणेल, डोळ्यांत पाणी आणेल, आणि परीक्षक तिला रौप्यपदक देतील.

सर : देतील. मी परीक्षक असतो तर मीही दिलं असतं.

मी : आणि दृश्य मेलं असतं.

सर : पण त्या बाईला पुढं काय मिळालं? साथीदारांना काय मिळालं? या प्रश्नाला तू उत्तर देत नाहीस.

खरं आहे, मी देत नव्हते. उत्तर माझ्याकडं होतं, ते मला आवडत नव्हतं. ज्यांना आपण अव्यावसायिक नट म्हणतो, त्यांच्याकडं जगण्यातून आलेलं एक द्रव्य असतं. सिनेमा ते एकदा घेतो. दिग्दर्शकाला पुढचा चित्रपट मिळतो, छायालेखकाला मिळतो, व्यावसायिक नटांना मिळतो. ज्याच्या चेहऱ्यावर चित्रपट तोलला गेला, तो माणूस आपल्या वस्तीत परत येतो. साथीदारांकडं परतायला चळवळ होती, ते काही सिनेमाच्या आशेवर बसलेले नव्हते, आणि सिनेमानं त्यांना बदललं नाही हा त्यांचा मोठेपणा. पण एखाद्याला परतायला असं काही नसेल तर? नागराज मंजुळेंनी 'झुंड' नागपुरात केला, वस्तीतली पोरं अमिताभ बच्चनसमोर उभी केली. त्यातल्या अंकुश गेडामला २०२३ ला पदार्पणाचं फिल्मफेअर मिळालं. त्या पोरांच्या कामाबद्दल बोलताना लोक एकच शब्द वापरतात, नैसर्गिक. झाडाला फळ यावं तसं ते काम आपोआप आलं, असा त्याचा अर्थ होतो. मंजुळेंनी घेतलेल्या तालमी, पोरांनी गाळलेला घाम, पन्नास माणसांच्या देखत तेच वाक्य पुन्हा पुन्हा तितक्याच ताजेपणानं म्हणणं, यातलं काही मग मोजलं जात नाही. ज्याचं काम कष्टाचं समजलं जात नाही त्याला मोबदला कमी आणि दुसरं बोलावणं नाही, हे आमच्या लोकांना सिनेमा यायच्या आधीपासून माहीत आहे.

सर : आता बोलली बरोबर. हेच तर मी म्हणतो आहे. नैसर्गिक म्हटलं की कष्ट पुसले जातात. म्हणून मी अभिनयाला विद्या म्हणतो. विद्या म्हटली की ती शिकवता येते, तिची किंमत मागता येते, आणि ती कोणालाही येऊ शकते.

मी : मग साथीदारांकडं विद्या नव्हती, असं कसं म्हणता? चळवळीत माणूस काय शिकतो? हजार लोकांपुढं उभं राहायचं. कुठं थांबायचं. पोलीस मंचाच्या कडेला येऊन उभे राहिले तरी ओळ पुरी करायची. ऐकणाऱ्याचा चेहरा वाचायचा. चौकशीला बसवलं तर जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं, अंगाची घडी मोडू द्यायची नाही. आमच्या वस्त्यांतल्या जलशांमधून, भीमगीतांच्या रात्रींमधून ही विद्या चालत आलेली आहे. तिच्या वर्गाला पाटी नाही, म्हणून तुमच्या यादीत ती आली नाही. नारायण पहिल्या गाण्याला मंचावर येतो, माइक हातात घेतो, त्या घेण्यातच तुमचं आंगिक आहे.

सर : ते घेणं चांगलं आहे. मी ते दोनदा मागं घेऊन पाहिलं.

मी : मला सांगितलं नाही कधी!

सर : तू भांडत होतीस. आणि तरी मी म्हणीन, की त्यांना एकदा तो न्यायाधीश करायला द्यायला हवा होता. सदावर्ते. बिनबाह्यांचे कपडे घालून आली म्हणून बाईची तारीख पुढं ढकलणारा तो न्यायाधीश साथीदारांनी कसा केला असता, हे मला पाहायचं होतं. तसं कोणाच्या मनातही आलं नाही, तुझ्या त्या ताम्हाणेंच्याही नाही. गीतांजलीबाई उद्या वासुदेवची बायको करतील आणि लोक वाहवा करतील. ती बाई सरकारी वकील करेल, असा विचार कोण करतो?

मी : तुम्ही करा ना.

सर : मी?

मी : नोव्हेंबरात स्पर्धा. तुमच्या संहितेत राजा आहे, प्रधान आहे. ग्रामपंचायतीच्या सफाईवर जे दोघं येतात, त्यातला धाकटा जयंतीला काय बोलतो ते तुम्ही ऐकलं आहे. त्याला भालदार देऊ नका. राजा द्या.

सर : त्याचं वाचिक कच्चं आहे. 'ण' आणि 'न' एक करतो, परीक्षक पहिल्याच अंकात गुण कापतील.

मी : शिकवा. तुम्हीच म्हणालात, ती विद्या आहे.

सर : तीन महिने लागतील. त्याची सकाळ कामात जाते, तालीम रात्री आठनंतर ठेवावी लागेल. बाकीचे कुरकुर करतील. आणि एक सांगून ठेवतो, राजा नीट झाला नाही तर मी त्याला काढीन. गरीब म्हणून ठेवणार नाही.

मी : काढा. पण त्याला आधी तसं सांगा, आणि तालमीचे पैसे ठरवा.

सर : हौशी स्पर्धेत कोणी पैसे घेत नाही. तूसुद्धा घेतले नव्हते.

मी : माझी दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला हजेरी नव्हती, सर.

पैशांवर आमचं अजून अडलेलं आहे. सर म्हणतात, एकाला दिले तर सगळ्यांना द्यावे लागतील. मी म्हणते, द्या.